चाळीस दिवसांनंतर

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सुयोग गेला. काल दुपारी.

चर्चमधून आलो, मी कुकर लावला. आई – माझ्या सासूबाई – टेबलाशी बसल्या होत्या. सुयोग कपडे न बदलता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तुम्हा दोघींना सांगायचंय. तासाभरापूर्वी हाच माणूस मंडळीपुढे डोळे मिटून कीबोर्ड वाजवत होता. म्हणाला, मला आता हे नाटक जमत नाही. घरातलं नाही, चर्चमधलं पण नाही. ऑफिसात ऋतिका म्हणून आहे. दोन वर्षं झाली. दहिसरला भाड्याने जागा बघितलीय.

चौदा वर्षांचा संसार, आणि माझ्या डोक्यात काय आलं तर शिट्ट्या किती झाल्या.

आई म्हणाल्या, "जेवून जा."

आणि तो जेवला! खाली मान घालून, दोनदा भात घेऊन. मग बॅग उचलली. त्याच्यामागे मी दार लावून घेतलं. रोज लावते तसंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सवयीने दोन डबे भरले. एक परत पातेल्यात रिकामा केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईंना घेऊन चर्चला गेले. त्यांना एकटीने जाता येत नाही – काचबिंदूने एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याने अंधुक दिसतं. पायरीवरच तिघाचौघांनी विचारलं, सुयोग कुठाय? आई म्हणाल्या, बाहेरगावी. चर्चच्या पायरीवर उभं राहून खोटं. मीही मान हलवली.

कीबोर्डवर कापड घातलेलं. गाणी नुसत्या टाळ्यांवर झाली. 

देवा, तुला माहीत होतं ना? दोन वर्षं तो तुझ्यासमोर बसून वाजवत होता. मला का नाही कळू दिलंस?

४ मार्च, मंगळवार

सुबोध पास्टर घरी आले. आईंनी कळवलं असणार. चहा घेतला नाही, पाण्याचा पेला हातात धरून बसले. उद्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. म्हणाले, "दिशा, हे चाळीस दिवस एक वेळ जेव. रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर. देवाने मला खात्री दिलीय. ईस्टरला सुयोग तुझ्या शेजारी बसलेला असेल."

खात्री, असं म्हणाले. कदाचित, बघू या, असं नाही म्हणाले.

आई म्हणाल्या, मीही करते. चौऱ्याहत्तर वय, बीपीच्या गोळ्या चालू. नको म्हटलं, ऐकल्या नाहीत.

१९ मार्च, बुधवार

दोन आठवडे झाले उपवासाला. लॅबमध्ये सकाळी सात ते अकरा नुसती रक्त काढायची रांग असते. आज एका आजोबांची शीर सापडेना. सापडली तेव्हा माझाच हात थरथरायला लागला. ते म्हणाले, "सावकाश बाळा, मी कुठे पळून चाललोय." मला रडूच आलं. मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले.

प्रार्थनेत मी सौदे करायला लागलेय. तो आला तर एक प्रश्न विचारणार नाही. तिचं नाव काढणार नाही. त्याला वाटलं तर चर्चलाही नको येऊ दे, पण घरी येऊ दे.

आणि आज एक गोष्ट प्रथमच देवापुढे बोलले. दोनदा दिवस राहिले होते मला, दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. त्यानंतर मुलांचा विषय आम्ही दोघांनी बंद केला. मी रडून, त्याने न रडता. त्याने कुठे रडायचं, हे मी कधी विचारलंच नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

परवा. आता फक्त परवा.

२० एप्रिल, ईस्टर

पिवळी साडी नेसले. त्याला आवडते ती. बाकाच्या टोकाची जागा सोडून बसले, सोडलेल्या जागेवर पर्स. चर्च तुडुंब. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली – ताई, इथे कोणी आहे का? आहे म्हटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, पूर्ण दीड तास.

दार वाजलं की मी वळून बघायची. शेवटी आईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

तो आला नाही. बाहेर पडताना पास्टरांनी हात मिळवला, पण बघत दुसरीकडेच होते.

२१ एप्रिल, सोमवार

ऋतिकाला दिवस गेलेत. तिसरा महिना.

सकाळी चहा पिताना मी आईंना म्हटलं, माझ्यातच काही कमी पडलं असेल, आणखी चाळीस दिवस करते. त्यांनी कप खाली ठेवला.

"नको करूस. तो नाही यायचा. तिला दिवस गेलेत."

"तुम्हाला कधी कळलं?"

"झाले तीन आठवडे. तू लॅबला गेलीस की फोन करतो तो मला."

"तीन आठवडे? आणि माझ्याबरोबर उपाशी राहिलात? रोज संध्याकाळी मला प्रार्थनेला बसवलंत?"

 त्या म्हणाल्या, "तुझा उपवास मोडवेना मला."

कामावर गेले. एकाहत्तर जणांचं रक्त काढलं. एकालाही दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. हात दगडासारखे स्थिर होते.

२२ एप्रिल, मंगळवार

आज प्रार्थना केली नाही. उद्या करणार नाही.

१० मे, शनिवार

आईंशी बोलत नाही. पण दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालते. "वर बघा" आणि "मिटा", एवढेच शब्द आमच्यात. थेंब घातल्यावर त्या मिनिटभर डोळे मिटून बसतात. गालावर ओघळ येतो. तो थेंबांचा की आणखी कसला, मी बघत नाही.

आज घाटकोपरहून भाऊ आला होता. सरळच म्हणाला, "तू आपल्या घरी चल. म्हातारीला त्याच्याकडे पाठव. त्याची आई आहे, तुझी कोण?"

खरं आहे. माझी कोण?

११ मे, रविवार

चर्चला गेलेच नाही. आईंना सांगितलं, तुम्ही दहिसरला गेलात तर बरं. तीन आठवड्यांतलं माझं पहिलं पुरं वाक्य.

त्या "बरं" म्हणाल्या. वाद नाही, काही नाही. उठून कपाट उघडलं. साड्या काढून पलंगावर ठेवायला लागल्या. दिसत तर नाही – पोताला हात लावून ओळखत होत्या. माझ्या दोन साड्या त्यांच्या गठ्ठ्यात गेल्या. हाताला लागल्या तेव्हा परत काढल्या, नीट घडी घालून बाजूला ठेवल्या. "ही तुझी. ही पण तुझीच."

मी दारात उभी होते. किती वेळ, कोण जाणे.

मग आत गेले आणि सगळ्या साड्या परत कपाटात लावल्या. त्यांच्या आणि माझ्या. म्हटलं, बाराचे थेंब राहिलेत, वर बघा.

भावाला फोन करून सांगितलं, नाही येत. तो चिडला. चिडू दे.

८ जून, रविवार

संध्याकाळी भाजी चिरत होते. आई बाहेरच्या खोलीत एकट्याच प्रार्थना करत होत्या. हल्ली मला बोलवत नाहीत. ऐकू यावं म्हणून नाही, त्या नेहमी मोठ्यानेच करतात. वाटलं, सुयोगसाठी मागत असतील. होणाऱ्या नातवंडासाठी.

त्या म्हणत होत्या – "बापा, दिशा तुझ्यावर रागावलीय. रागावू दे तिला. तिचं चुकलेलं नाही. मी तिच्याशी खोटं वागले, त्याचा हिशेब माझ्याकडून घे. फक्त तिला एकटीला सोडू नकोस. मी आता फार दिवस पुरायची नाही."

भाजी तशीच टाकून बाहेर गेले. त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी थांबून विचारलं, कोण? म्हटलं, मीच. मग त्यांनी पुढे चालू ठेवलं.

२२ जून, रविवार

उपासना संपल्यावर सुबोध पास्टर आम्हा दोघींना म्हणाले, जरा थांबता का. सगळे गेल्यावर म्हणाले, "ती खात्री देवाची नव्हती. माझीच इच्छा होती ती. तुमचं दुःख मला बघवेना, म्हणून मी ती देवाच्या नावावर खपवली. मला माफ करा." पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता.

माफ केलं, असं मला म्हणता आलं नाही. म्हटलं, बुधवारच्या प्रार्थनेला येईन.

घरी येईपर्यंत त्यावरच विचार करत होते. म्हणजे देवाने मला शब्द दिलाच नव्हता. मग मोडला, असं कसं म्हणू? दोन महिने मी त्याच्याशी भांडतेय त्या शब्दावरून. मग आता भांडू कशावरून? आणि भांडण नसेल तर आमच्यात उरलं काय?

२८ जुलै, सोमवार

दुपारी सुयोगचा फोन. साडेपाच महिन्यांनी आवाज ऐकला.

मुलगी झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात. नऊशे ग्रॅम. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलीय. आईला सांग म्हणाला. मला वाटलं, आता ठेवणार फोन.

"दिशा, प्रार्थना कर. मला तोंड नाही मागायला. तुझं तो ऐकतो."

मी हसले. खरंच हसले, लॅबमध्ये सगळ्यांसमोर. म्हटलं, माझं? माझं काय ऐकलंय त्याने, तुला तर माहीत आहे.

आणि फोन ठेवला. खरं सांगू? पहिल्या क्षणाला बरं वाटलं मला. त्यालाही कळू दे, असं वाटलं. नऊशे ग्रॅमच्या जीवाबद्दल मला असं वाटलं. हे मी दुसरं कुठे लिहू?

२९ जुलै, मंगळवार

आईंना जायचं होतं. एकट्या जाऊ शकत नाहीत. म्हटलं, दारापर्यंत सोडते, आत येणार नाही. रिक्षाने पवईवरून गेलो.

सुयोग जिन्यात बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला, पुन्हा बसला. मी आईंचा हात त्याच्या हातात देणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू चल गं. हा काय सांगणार मला."

वॉर्डात ऋतिका खाटेवर एकटीच होती. मला वाटलं होतं काहीतरी वेगळीच असेल. असेल तिशीची. केस चिकटलेले, ओठ फुटलेले. तिच्या घरच्यांनी तोडून टाकलंय, कोणी आलं नव्हतं. तिने विचारलं, "तुम्ही दिशाताई ना?" आणि उठायला गेली. माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं – मनगटापासून कोपरापर्यंत सुजून टम्म. सलाईन शिरेत जातच नव्हतं, बाहेर मांसात साचत होतं. मी म्हटलं, पडून राहा. सलाईन बंद केलं, सिस्टरला बोलावलं, दुसऱ्या हाताची शीर मीच शोधून दाखवली. हात उशीवर उंच ठेवून दिला. तिने डोळे मिटले. म्हणाली, "सकाळपासून दुखत होतं. कुणाला सांगायचं कळेना."

मग बाळ. काचेबाहेर उभ्या राहिलो. आईंना काहीच दिसेना. काचेला कपाळ टेकवलं तरी दिसेना.

"कशी आहे गं? सांग ना मला."

मला सांगावं लागलं.

म्हटलं, इवलीशी आहे. माझ्या तळहाताहून जरा मोठी. डोक्यावर पांढरी टोपी. नाकात नळी आहे. पोट भराभर खालीवर होतंय. बोटं लांब आहेत, नखंसुद्धा आलीत. एक पाय पेटीच्या कडेला लावून ठेवलाय.

"आणि तोंडावळा?"

मी बघत राहिले. म्हटलं, "कपाळ सुयोगचं आहे."

बोलले आणि आतलं काहीतरी सुटलं. एप्रिलपासून घट्ट धरून ठेवलेलं. काचेला हात लावून उभी होते आणि मी मागत होते – हिला जगू दे. सौदा नाही, अट नाही. तो परत येवो न येवो. हिला जगू दे, बापा.

आईंनी विचारलं, का गं थांबलीस? म्हटलं, काही नाही. झोपलीय ती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

ऋतिकाचा मेसेज – वजन वीस ग्रॅम वाढलं. आईंना तीनदा वाचून दाखवलं.

३ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, सुयोगच्या मुलीसाठी.

आता सगळ्यांना सगळं कळलं होतं. कोणीतरी मागे खोकलं. मग आईंचा आवाज आला, "आमेन." अजून प्रार्थना सुरूही झाली नव्हती. मग एकेक करून सगळे उभे राहिले.

भावाला हे कळलं तर मला वेड्यात काढेल. मला स्वतःला काय वाटतं? दुखतं. रोज तितकंच दुखतं. पण आता देवाला सांगून दुखतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी लॅबमध्ये ऋतिकाचा फोन. "ताई, याल का?" आईंना घेऊन निघाले.

सव्वाअकराला बाळ गेलं. नळ्या काढून सिस्टरने ऋतिकाच्या ओंजळीत दिलं. सुयोगला आत येववेना. आई भिंतीला धरत धरत बाहेर त्याच्याकडे गेल्या. आत आम्ही दोघीच.

ती म्हणाली, "नाव नाही ठेवलं अजून. तुम्ही ठेवाल?"

मी हात धुतले. बाळाला घेतलं. अजून ऊब होती. तिच्या कानात नाव सांगितलं, मग ऋतिकाच्या.

इथे लिहीत नाही. देवा, तुला ठाऊक आहे.