मामांचं कथील

३ मार्च १९७६
सकाळी मनूचे दात घासताना खालच्या हिरडीवर काळसर निळी रेघ दिसली. बोटाने घासली, मिठाने घासली. जात नाही. पोरगी किंचाळली तेव्हा सोडलं.

ही रेघ मला ओळखीची आहे. आमच्या खोपोलीच्या कारखान्यात पिवळा रंग बनतो, त्या शेडमधल्या माणसांचा खालचा ओठ ओढून डॉक्टर दर तपासणीला हेच बघतात. शिसं अंगात भिनल्याची खूण. पण ती माणसं दिवसभर त्या भुकटीत असतात. मनू चार वर्षांची आहे. आजोबांच्या शर्टाची बटणं लावून देणं आणि त्यांच्या मांडीवर बसून कोकमाचं सार ओरपणं, एवढाच तिचा कामधंदा.

उगाच घाबरतेय बहुतेक. सुरेशला अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च
दवाखान्यात नेली. पोट दुखतं, शौचाला होत नाही, चेहरा पांढरा, सारखी किरकिर. डॉक्टर म्हणाले जंत. रेघ दाखवली तर म्हणाले दात नीट घासा. मी शिशाचं नाव काढलं. "तुम्ही कारखान्यात काय करता?" म्हणाले. प्रयोगशाळेत आहे म्हटलं. "मग तुम्हाला सगळीकडे तेच दिसणार!" हसले. मीही हसले, मूर्खासारखी. जंताचं औषध घेऊन आले.

८ मार्च
सासूबाईंच्या पोटात होतं ते आज ओठावर आलं. "तूच आनतेस घरात. त्या रंगाच्या कारखान्यातनं. तुज्या लुगड्याला लागून येतंय नि पोर तुज्या पदरात तोंड खुपसती."

मी पदर उलटून बघितला. कारण तसं असूही शकतं. नमुने आणायला मी शेडमध्ये जातेच की. रात्री मनू जवळ आली तर तिला दूर सारलं. ती रडत आजीकडे गेली. आजपासून मागच्या दाराने यायचं, लुगडं बदलायचं, मगच घरात पाऊल.

सुरेश म्हणतो, थोडे दिवस रजा घे. मास्तर आहे, शब्द जपून वापरतो. रजा म्हणजे राजीनामा, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं.

११ मार्च
साहेबांची परवानगी काढली. काम आटोपल्यावर घरचे नमुने तपासायला हरकत नाही, म्हणाले. दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, धुऊन उकळून घेतल्या.

पहिला माझा पदर. धुतलेलं पाणी आटवून तपासलं. काही नाही. हात जोडले गेले आपोआप. कुणाला, ते माहीत नाही.

काजळ स्वच्छ. लोणच्याची बरणी स्वच्छ. मनूच्या लाकडी बाहुलीच्या लाल रंगात मात्र आहे. थोडंच. मनू बाहुली चघळत नाही, नुसती कडेवर घेऊन फिरते. तरी काढून घेतली. चुलीत घालणार होते, मग आठवलं, धुरातून तेच घरभर होईल. परसात खड्डा करून पुरली. मनू कुडाला टेकून बघत होती. रडली नाही. "ती कदी येणार?" एवढंच विचारलं.

१५ मार्च
जयंतीची तयारी सुरू झाली. विहारासमोर कल्हईचा भाता लागला. नेरळचे रशीदचाचा. वाडीचे दोन मोठे पितळी टोप, ज्यांत चौदा एप्रिलचं जेवण शिजतं, ते झळझळीत करायचे. सुरेश समितीचा चिटणीस, त्यामुळे फार गडबडीत.

मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, आज भाव खाल्ला. धोतराच्या फडक्यातून त्यांचा तो पांढरा गोळा काढला. इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते तेव्हापासून जपून ठेवलेलं कथील. दिवाळीच्या आधी आमच्या घरची भांडी त्यातूनच झाली, उरलेलं आज वाडीला दिलं. "सुद्द कथील हाय. बाजारात असलं मिळायचं नाय." लोक खूश. मग नेहमीचं सांगितलं, पण आज सगळे ऐकत होते: "माज्या बापाच्या वक्ताला कल्हईवाला आपल्या वाडीत बूड टेकत नव्हता. आमी भांडी घासायची राखेनं. आज बघा, इथं बसून करतो." सुरेशने त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच भरून आलं.

चाचा एरवी फार बडबडे. आज मान खाली घालून नवसागर घाशीत होते.

१९ मार्च
मनूला काल रात्रभर पोटात कळा. तिला आवडतं म्हणून सासूबाईंनी कालच कोकमाचं सार केलं होतं. दुपारपासून पितळी पातेल्यात होतं. ओतताना पातेल्याच्या तळाकडे लक्ष गेलं. सार जिथपर्यंत होतं तिथपर्यंत कल्हई काळवंडलेली.

आज पातेलंच पिशवीत घालून नेलं. सिरक्याचं आम्ल घातलेलं पाणी त्यात उकळलं, गाळलं, क्रोमेट घातलं; शिसं असलं तर पिवळं उतरतं. बाटली घड्याळाशेजारी ठेवून दुसऱ्या कामाला लागले. मुद्दाम. वळून पाहिलं तर तळाशी पिवळा साका बसला होता. दाट.

शेजारच्या टेबलावरच्या देशपांड्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "छान उतरलाय रंग. कुठल्या बॅचचा?"

मनूच्या सारातला, असं सांगायला हवं होतं. बाटली त्यांच्याकडून घेऊन कपाटात ठेवली.

२० मार्च
घरातली कल्हईची सगळी भांडी माळ्यावर. सासूबाईंना वाटतं मला खूळ लागलं. सुरेशला वाटतं चाचाने भेसळ केली. "आपल्याला लोकांनी आजवर दुसरं काय दिलंय? खोटंच." चाचाला जाब विचारणार म्हणून चप्पल घालून निघालाच होता. थांबवला. खरं सांगायचं तर थांबवताना मनात हेच होतं की चाचाच असू दे. मग सोपं होतं सगळं. त्याला वाडीत येऊ द्यायचं नाही, टोप दुसऱ्याकडून करून घ्यायचे, मनू बरी होईल.

२२ मार्च
शेजारच्या पारूवहिनींचं पातेलं नेलं. त्यांनाही चाचानेच दिवाळीच्या आधी कल्हई करून दिली, आमच्याच अंगणात, आमची भांडी झाली त्याच सकाळी. तपासलं. पाणी स्वच्छ. पुन्हा तपासलं. स्वच्छ.

चाचा तोच, भाता तोच, कथील मात्र पारूवहिनींच्या घरी चाचाचं आणि आमच्या घरी...

पुढे लिहवत नाही.

२४ मार्च
नेरळला जाऊन आले. चाचा मशिदीमागे एका खोलीत राहतात. मला बघून उभेच राहिले. पाणी दिलं. विचारलं, त्या गोळ्यात काही वेगळं वाटलं होतं का?

खाली बसले. मग म्हणाले, "बाई, हातात घेतला तेवाच जड लागला. कथील असं जड नसतं. कापूस फिरवला तर काळा पडत होता. दिवाळीला मी बोललो तुमच्या सासऱ्याला, माझं कथील वापरतो, पैसे नको. ते तापले. म्हणाले, आमच्या भांड्याला चांगलं कथील लावायला हात जड झाला काय तुझा?" हात चोळत बसले. "त्यांच्या बापाच्या वक्ताची गोष्ट मला ठाऊक हाय, बाई. माझा बापच कल्हई करायचा. तोच तुमच्या वाडीत बसत नव्हता. मी काय बोलणार?"

निघताना कागदात बांधून एक तुकडा दिला. टोप करून उरला होता. "वापरला नाय. फेकवला पण नाय."

२५ मार्च
तुकडा नायट्रिकमध्ये विरघळवला. कथील असतं तर सगळं पांढऱ्या गाळात बसतं आणि वरचं पाणी रितं राहतं. गाळ बसला, पण थोडा. वरच्या पाण्यात आयोडाइड घातलं: शिशाचं पिवळं. उकळलं: पिवळं नाहीसं. निववायला बाटली नळाखाली धरली आणि पाण्यात सोनेरी कण उतरायला लागले. एकेक, गिरक्या घेत, चमचम करत. कॉलेजात हा प्रयोग पाहिला तेव्हा आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

साहेबांना विचारलं, इंजिनाच्या शेडमध्ये असा पांढरा, लवकर वितळणारा धातू कशासाठी वापरतात? म्हणाले, बेअरिंगमध्ये ओततात. शिसंच असतं बहुतेक त्यात. दिसतं कथलासारखं.

मामांना ते कथीलच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

२६ मार्च
सुरेशला सांगितलं. त्याने तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, मामांना कळता कामा नये. मी लोकांना सांगतो कल्हई नीट बसली नाही, दुसऱ्याकडून करून घेऊ. "म्हणजे चाचावर ढकलायचं?" "मी कुणाचं नाव घेणार नाही." "लोक घेतील." तो म्हणाला, वाडीसमोर बापाची मान खाली घालायला लावू?

भांडलो. आवाज वाढला असणार. पडवीत मामा होते हे लक्षातच आलं नाही.

२७ मार्च
मामांनीच बोलावलं. पडवीत, सासूबाई नाहीत बघून.

"शालन, काय म्हनत व्हता तुमी काल? माज्या कथलात काय हाय?"

सांगितलं. हळूहळू, जमेल तितक्या मऊ शब्दांत. मनूची रेघ, पातेलं, चाचाने दिलेला तुकडा. ते ऐकत होते. मग चिडले. इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "मी जलमभर त्या धातूचा रस ओतला. पळीनं. या हातानं. त्याच हातानं भाकर खाल्ली. मला काय झालं? सांग. मला काय झालं?"

आणि उजवा हात माझ्यासमोर पसरला.

पसरला म्हणजे दंडापासून उचलला. मनगट खाली लोंबत राहिलं. बोटं सरळ होईनात. दिसतंच आहे आम्हाला वर्षानुवर्षं. वात म्हणतो. सासूबाई तेल चोळतात. म्हणून तर मनू बटणं लावते.

शिसं अंगात भिनलं की मनगट असंच पडतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मग माझी नजर कुठे आहे ते बघून स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला, परका असावा तसा.

"मनूचा बी असा व्हईल?"

नाही म्हणाले. मला माहीत नाही. तरी नाही म्हणाले.

३१ मार्च
मामा बोलत नाहीत. मनूला जवळ घेत नाहीत. ती बटणं लावायला गेली तर म्हणाले, "जा, आयेकडं जा." आठ तारखेला मी तिला दूर सारलं होतं तसंच.

मुंबईच्या इस्पितळात तारीख मिळाली. एप्रिल अखेरची. त्याआधी नाही.

६ एप्रिल
समितीची बैठक. बायकांच्या बाजूला बसले होते. सुरेशने उठून गुळमुळीत काहीतरी सुरू केलं, कल्हई बरोबर उतरली नाही वगैरे. लगेच मागून कुणीतरी: "तो नेरळवाला लबाडच!" दुसरा म्हणाला, येऊ दे पुन्हा वाडीत, तंगडंच मोडतो.

मी उठणार होते. खरंच. पण मामा उठले.

"कथील माजं व्हतं. ते कथील नव्हतं. शिसं व्हतं. त्या मानसानं मला सांगितलं व्हतं, मी आयकलं नाय." थांबले. "माज्या घरातलं पोर आजारी हाय त्यानं. त्या टोपात शिजवू नका."

मामा खाली बसले तेव्हा तोल गेला, सुरेशने धरलं. घरी येताना बाप पुढे, लेक मागे. सुरेश डोळे पुसत होता आणि पुसत नाहीसं दाखवत होता. या माणसांवर माझा फार जीव आहे. हे लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायला जमत नाही.

१५ एप्रिल
काल जयंती झाली. जेवण शाळेच्या अल्युमिनियमच्या टोपांत. पितळी टोप विहाराच्या कोपऱ्यात पालथे. लोक त्यांच्याकडे बघत नव्हते. रशीदचाचांना मामांनी निरोप धाडला होता, ते आले, पंगतीला मामांच्या शेजारी बसले. चाचा टोप खरवडून नव्याने कल्हई करून देणार आहेत.

मनूचं पोट कमी दुखतं. आंबट बंद, पितळ बंद. दूध पिते. गालावर किंचित रंग आलाय, की मला तसं बघायचं आहे. रेघ आहे तशीच.

२१ एप्रिल
मामांनी आज मनूला पुन्हा मांडीवर घेतलं. आपण होऊन. सासूबाई चुलीपासून उठून दारात येऊन बघून गेल्या. घर बऱ्याच दिवसांनी घरासारखं वाटलं. मी तांदूळ निवडत होते, मनूची बडबड चालली होती, बाहुली उकरून काढायची म्हणत होती.

मग म्हणाली, "आई, हे बघ. आबासारखं."

उजवा हात पुढे केला होता. मनगट खाली लोंबतं.

"पुरे, सरळ कर."

ती हसत होती. मामा हसत नव्हते.

"मनू, हात सरळ कर."

अजून हसतच होती, मनगट मात्र तसंच. ताट बाजूला ठेवलं आणि सुरेशला हाक मारली.