कमी खपाची गल्ली

९ मार्च

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

परवा आपण फोनवर भांडलो, ते आईने मनाला लावून घेतलं. फोनवर तुम्ही दोघं नुसते ओरडता, पत्रात निदान एकमेकांना वाक्य पुरं करू देता, असं ती म्हणते. तेव्हा माझं वाक्य आज पुरं करते.

होय, तू आईच्या खोलीत बसवलेल्या एसीवर मी चादर टाकली आहे. आपला मजला शेवटचा, वर गच्ची, खोली तापते हे मला सांगायला नको. म्हणूनच गच्चीला पांढरा रंग दिला, जाड पडदे शिवले. पण हवा कशी झाली आहे बघ. मार्चमध्येच दुकानात चष्म्याचा नंबर तपासताना लोकांच्या घामाने भिंगं धुरकटतात. ही वेळ आपणच सगळ्यांनी आणली ना? मग दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत किती दिवस बसायचं?

वीज वाचवायला आधी इमारतीला तयार केलं, मग गल्लीला. दुपारी एसी बंद, इस्त्री सकाळी, जिन्यातले दिवे निम्मे. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई आधी मला हसल्या, आता त्याच दारोदार फिरतात. आई मात्र मी खाली दुकानात गेले की चादर काढून एसी लावते आणि माझी चाहूल लागली की झाकते. खोलीतला गारवा चादरीखाली मावत नाही, हे तिला कोण सांगणार!

जेवणाची आबाळ करू नकोस. रागावला असशील तरी लोभ सोडू नकोस.

तुझी ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिली विनंती, ती चादर काढ. बाकीचं नंतर.

तू चष्मे विकतेस, म्हणून जवळचं स्वच्छ बघतेस. मी दिवसभर नियंत्रण कक्षात एका भिंतीसमोर बसतो. तुमच्या शहरातली प्रत्येक वस्ती त्या भिंतीवर दिवा होऊन लुकलुकते आणि कोण किती वीज ओढतं ते आकड्यात दिसतं. तुझ्या दुकानासमोरची, वेगळ्या वीजवाहिनीवरची ती काचेची इमारत सुट्टीच्या दिवशीही रिकाम्या खोल्या गार करत बसते. तुमच्या गल्लीने महिनाभर पोट आवळून जे वाचवलं, ते ती एका दुपारी फस्त करते. आभाळ फाटलं आहे आणि तू सुईत दोरा ओवते आहेस. वर आईला उकडवते आहेस, ते वेगळंच.

बदलायचं तर वीज कशापासून बनते आणि ती कोणाला आधी मिळते, हे बदलायला हवं. ते तुझ्या पडद्यांनी होणार नाही. माझ्या हातात आहे का, असं विचारशील. नाही. मी हुकमाचा ताबेदार. वरून सांगतात तो फीडर, म्हणजे तेवढ्या वस्तीची वीजवाहिनी, मी बंद करतो. लहानपणी घरातली सगळी बटणं दाबत सुटायचो म्हणून आईने हे नाव ठेवलं. आता त्याचाच पगार मिळतो.

आईला नमस्कार. तुझा लोभ एसीसारखा झाकून ठेवू नये, इतकंच मागणं.

तुझा बटण्या


२२ एप्रिल

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

आई बरी आहे, हे आधी वाच.

काल दुपारी ती डॉक्टरांकडून परतली आणि लिफ्टमध्ये शिरली, तेवढ्यात वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. वकीलबाईंनी दारावर थापा मारत तिला बोलतं ठेवलं. आधी ती चेष्टा करत होती, मग नुसतं हूं म्हणू लागली, मग तेही थांबलं. वीज आली तेव्हा ती लिफ्टच्या कोपऱ्यात कलंडलेली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. दवाखान्यात सलाईन लावलं, आज घरी आणलं. ती बोलते आहे, म्हणजे मला बोल लावते आहे. चादर मी काढून टाकली.

पण माझं डोकं ठिकाणावर नाही. या महिन्यात रोज दुपारी आमचीच गल्ली अंधारात जाते. समोरची काचेची इमारत लखलखत असते. मागच्या वर्षी असं नव्हतं. आम्हीच का? तू त्या भिंतीसमोर बसतोस. खरं काय ते मला लिही, आणि माझी समजूत काढायला जाऊ नकोस.

काळजी आहे, राग आहे, आणि त्याखाली लोभही आहे.

ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या दुपारची कळ मीच दाबली होती.

आमच्याकडे तोंडी चालत आलेला नियम आहे. मागणी वाढली की ज्या वस्तीचा आधीच्या महिन्यात खप कमी, तिची वीज आधी तोडायची. कमी वापरणाऱ्याचं नुकसान कमी, असा हिशोब. तुम्ही वाचवलंत, तुमचा खप उतरला आणि गल्ली थेट पहिल्या नंबरावर आली. एप्रिलचा क्रम लागला तेव्हा मी तो पाहिला होता. दिवसाआड फोन उचलला आणि ठेवला, कारण बाहेर सांगायची मनाई आहे.

लिफ्टमध्ये आई आहे हे कळायला मला मार्ग नव्हता. पण कोणाच्या तरी लिफ्टमध्ये कोणीतरी असणार, हे रोज कळत होतं. तुझ्या सुईदोऱ्याला मी हसलो, आणि कात्री माझ्याच हातात होती.

पुढच्या महिन्यात वीज आयोगाची जाहीर सुनावणी तुमच्याच शहरात आहे. तिथे हरकत घ्या. पण माझं नाव मधे आणू नकोस. ही नोकरी गेली तर दुसरं काही मला येत नाही.

लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. जमलं तर ठेव.

बटण्या


८ मे

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

नियम गल्लीला सांगितला, कुठून कळला ते सांगितलं नाही. व्हायचं तेच झालं. चला, सगळे एसी जोरात लावू, म्हणजे क्रमात खाली जाऊ, असं काही घरांनी ठरवलंही. त्यांचं गणित चुकीचं नाही, बटण्या, तेच तर बोचतं. इतके महिने ज्यांना मी कमी वापरा म्हणून सांगितलं, ते आता माझ्याकडे फसवल्यासारखे बघतात. नियम बदलला नाही तर यापुढे या गल्लीत मला कोणाच्या दारावर टकटक करता येणार नाही.

हरकत वकीलबाईंनी लिहून दिली. पण वीज कंपनीने आत्ताच लेखी कळवलं आहे, की असा कोणताही नियम नाही. कागदावर नाही, तर आम्ही दाखवणार काय?

तुझं नाव मी घेणार नाही. ये असंही म्हणणार नाही. सुनावणी एकवीस तारखेला आहे. आई यायचं म्हणते आहे आणि तिला कोणी अडवू शकत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तू आलास न आलास, लोभात फरक पडायचा नाही.

ताई


१२ जून

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

या वेळी लिहायची पाळी मी ताईकडून हिसकावून घेतली.

मीटर-दुरुस्तीच्या खोलीत उकडतं, असं तुझ्या पत्रातून कळलं. उकडू दे. तुला तिकडे टाकून कंपनीने तुझी बटणं काढून घेतली, बरंच झालं. सुनावणीत आयोगाच्या साहेबांनी असा नियम स्वतः पाहिलेला कोणी आहे का विचारलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मी वळले. शाळेत हजेरीला उभा राहताना जो पुढच्याच्या पाठीमागे लपायचा तो तू, दारापाशी उभा. या वेळी लपला नाहीस. नियम मी रोज पाळला, कळ मीच दाबली, असं सगळ्यांसमोर बोललास.

यंदाच्या उन्हाळ्यापुरती आयोगाने वीज तोडायची पाळी लावली आहे, सगळ्यांना सारखी. पुढच्या वर्षीचं काही ठरलेलं नाही, म्हणून ताई आतापासून वकीलबाईंबरोबर कागद रंगवते आहे. गल्लीतले निम्मे लोक पुन्हा तिचं ऐकू लागले. उरलेले निम्मे पाळी टिकते का, ते बघून ठरवणार आहेत. एसी मी आता उघड लावते आणि मला बरं वाटलं की आपणहून बंद करते. तुमच्यातली एक माझा एसी बंद करते, दुसरा सगळी गल्लीच. दोघांच्या मधे मी बसले होते, ते विसरू नका.

काल काचेच्या इमारतीची पाळी होती. तिच्या खिडक्या उघडतच नाहीत, तेव्हा थोड्याच वेळात गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं भराभरा खाली उतरली आणि आमच्या जिन्यात सावलीला बसली. ताई पाण्याच्या बाटल्या घेऊन वरखाली करत होती. त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, की तुमच्याकडे असं रोज व्हायचं का. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की तुम्ही काय करायचात. मी सांगितलं, की आम्ही वाट बघायचो, वर कोणीतरी पुन्हा कळ दाबेल म्हणून.

ती उठली आणि ताईच्या हातातल्या बाटल्या घेऊन वरच्या मजल्याकडे गेली.

सुट्टी मिळाली की ये. लिफ्टने येऊ नकोस, जिन्यानेच ये. जिन्यात हल्ली बरीच माणसं भेटतात. माझा जीव तुझ्याकडे लागलेला आहे, तो असाच लागलेला राहू दे.

तुझी आई