केबिन रिकामी असल्यास

६ जानेवारी
बदलापूरला पोचले. पुण्यातल्या मैत्रिणींनी नाकं मुरडली होती, पण फ्लॅट झकास निघाला. सातवा मजला, खिडकीतून मलंगगडाचे सुळके, भरपूर वारा. फ्लॅट कंपनीचा आहे. कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवते, आणि या इमारतीच्या लिफ्टलाही त्यांचाच बोर्ड आहे. नवा प्रोग्रॅम आधी इथे लावून बघतात. म्हणजे रहिवासी प्रयोगशाळेतले उंदीर. त्यांना पत्ताही नाही, सगळे खुशीत वर-खाली करतात.

९ जानेवारी
मालक धर्मेशशेठ उल्हासनगर कॅम्प एकहून येतात. काम त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: परदेशी गिऱ्हाइकाला प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक हवंय, तुम्ही काढून द्या. कोड सी भाषेतला. त्यात माणसांसाठी लिहिलेल्या ओळी असतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. दोन खुणांच्या मधे त्या लिहिल्या की यंत्र त्या सोडून देतं. त्या वाचून एक टूल आपोआप पुस्तक बनवतं, आणि जिथे अडतं तिथे वॉर्निंग देतं.

आज टूल चालवलं. वॉर्निंगांचा पूर. कॉमेंट म्हणते फंक्शनला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, दोन गोष्टी द्या, फंक्शन मागतं तीन. कॉमेंटमध्ये ‘मजला’, कोडमध्ये ‘फ्लोर’. हे सगळं श्रीपाद केतकर नावाच्या गृहस्थांचं कर्तृत्व. ते निवृत्त होऊन वांगणीला राहतात. शेजारच्या टेबलावरची किर्ती म्हणाली, सर फार हुशार होते. इथे हुशार म्हणजे ज्याचं लिहिलेलं कोणालाच कळत नाही तो.

१३ जानेवारी
जवळपास सगळ्या वॉर्निंग गेल्या. शेवटची मात्र अजब निघाली. केतकरांनी एक कॉमेंट सुरू केली आणि बंदच केली नाही. पुढचं अख्खं फंक्शन त्या कॉमेंटच्या पोटात गेलंय, त्यामुळे यंत्र ते कधी वाचतच नाही. वर लिहिलंय: ‘केबिन रिकामी असल्यास तळमजल्यावर आणणे.’ साधी सोय आहे. इतकी वर्षं ती बंद, कारण साहेबांना दोन चिन्हं टाइप करायचा कंटाळा. मी ती टाकली. वॉर्निंग शून्य.

प्रोग्रॅम बोर्डात भरायचं काम चंदर पाटीलचं. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, केतकर सरांना एकदा विचारा ना. मी म्हटलं, कॉमेंट बंद करायला परवानगी लागते का? त्याने प्रोग्रॅम उतरवून घेतला. इथली माणसं फार वाद घालत नाहीत, हे एक बरं आहे.

१६ जानेवारी
नवा प्रोग्रॅम आमच्या लिफ्टला लागला. रिकामी झाली की आपोआप खाली जाते. उत्तम.

तळमजल्यावर ठमाबाई राहतात. ही जमीन त्यांचीच होती. त्यांनी मला थांबवलं. “लाईट नव्हती गो बाय, तरी लिफ खाली आली.” मी जनरेटर, बॅटरी वगैरे समजावलं. त्या माझ्याकडे दयेने बघत होत्या. मला! वॉचमनला विचारलं. इमारतीला जनरेटर नाही.

१८ जानेवारी, रविवार
वांगणीला जाऊन आले, निव्वळ केतकरांचा माज उतरवायला. बैठं घर, पुढे शेवगा. त्यांनी चहाही विचारला नाही. म्हणाले, “वॉर्निंग घालवलीत, छान. ती काय सांगत होती ते वाचलंत?”

मग सांगितलं. कारखान्यातल्या चाचणीच्या लिफ्टखाली, खड्ड्यात, जयदेव पाटील काम करत होता. रिकामी केबिन खाली आली. त्याने मेन स्विच बंद केला नव्हता, असं कंपनीने लिहून दिलं. केतकर म्हणाले, स्विच मी माझ्या हाताने बंद केला होता. नंतर मी ते फंक्शन पुसलं. सकाळी परत जागेवर. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. उघड्या कॉमेंटमध्ये कोंडलं तेव्हा कुठे शांत झालं.

जयदेव हा चंदरचा थोरला भाऊ.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, हे भुतं पाळतात.

२० जानेवारी
केतकरांच्या समाधानासाठी काल बंद करायची खूण काढून टाकली होती. वॉर्निंग परत आली होती, मी स्वतः पाहिली. आज टूल चालवलं, तर शून्य. खूण जागेवर. किर्तीवर ओरडले. ती रडली. म्हणाली, तुमच्या फाइलला मी हात कशाला लावू —

२१ जानेवारी
काल इमारतीत दिवसभर लाइट नव्हती. लिफ्ट तीनदा खाली आली. तिसऱ्यांदा मी समोर उभी होते.

केबिन रिकामी आहे का ते वजनावरून ओळखणाऱ्या सेन्सरची तार खराब असणार. दुसरं काय असणार. चंदरला म्हटलं, उद्या खड्ड्यात उतरून ती तार काढ. तो नको म्हणाला. मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर घरी बस, दुसरा माणूस बघते. मग तयार झाला.

त्याचा भाऊ. मला माहीत असून मी —

२२ जानेवारी, दुपार
लिफ्टमध्ये आहे. दुसरा मजला. चंदरबरोबर किर्तीही आलीय; फोन दारातून तिच्याकडे दिलाय, ती अग्निशमनवाल्यांना बोलावतेय. नुसतं उभं राहवत नाही, म्हणून लिहितेय.

मेन बंद. मी केला, चंदरने पुन्हा तपासला. तो तळाच्या खड्ड्यात उतरला. मी इथे, दुसऱ्या मजल्यावर थांबवलेल्या केबिनबाहेर उभी होते. लिफ्टचा दिवा लागला. दार मिटायला लागलं. रिकामी असेल तरच खाली — मी आत शिरले. दार अर्ध्यावर थांबलं, लिफ्ट हलली नाही.

खड्ड्यावरचं, तळमजल्याचं दार आतून उघडत नाही. वॉचमन पहारीने उचकटतोय. चंदर तिथेच.

माझ्यासमोरचं दार अर्धं उघडं आहे. एक पाऊल, की मी बाहेर, आणि केबिन रिकामी. नाही.

बोर्डावर आतलं वजन दिसतं. माझं — छप्पन्न.

एकेचाळीस.

मी हललेले नाही. दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

अठ्ठावीस. पहारीचा आवाज येतोय, लवकर, लवकर —

अकरा.

चंदर खालून विचारतोय, मॅडम, आहात ना? आहे म्हटलं. पुन्हा विचारतोय. ओरडून सांगितलं. पुन्हा तेच विचारतोय. त्याला ऐकू जात नाही. चंदर, मी आहे, आतच आहे, मी आत उभी —