लेबल नसलेली पुडी

मंगळवार, संध्याकाळ. बेलवली.

गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "सध्या कुठलं स्टिरॉइड चालू आहे?" मी ठामपणे नाही म्हणाले. फक्त आई कॅम्प दोन भागातल्या वैद्यांकडून आणते ती आयुर्वेदिक पुडी, सात महिने. ते माझ्या गोल झालेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "स्टिरॉइडने चेहरा असा सुजतो. उद्या पुडी घेऊन या. तोवर एकदम बंद करू नका."

घरी आई मेथी निवडत होती. तिला विचारलं.

"असतं त्यात थोडं स्टिरॉइड. वैद्य बोलले होते मला."

"आणि मला कोण सांगणार?"

"तू घेतली असतीस मग? आराम पडला ना पण?"

पडला. तेच जास्त लागलं. अंबरनाथच्या कंपनीत मी औषधं तपासते. लेबल नसलेली बाटली टेबलावर ठेवू देत नाही. आणि ही पुडी रोज मधातून घेतली. एकदाही तपासावीशी वाटली नाही. आईनेच दिलेली, का वाटावी?

डॉक्टर हो म्हणाले तर इंजेक्शन घेईन. त्यात काय आहे, किती आहे, हे विचारलं की कळतं तरी.

"उद्या मी येते सोबत," आई म्हणाली.

नको म्हणाले.