कॅमेऱ्यांना कौल मिळाला नाही

मंगळवार, महाड. संध्याकाळ.

पाय दुखताहेत. कॅमेऱ्यांचं खोकं न उघडताच परत आणलं. पोलादपूरच्या वरच्या वाडीत, देवराईतल्या प्राण्यांची नोंद कॅमेऱ्याने कशी करायची हे गावातल्याच मुलींना शिकवायला परदेशी संस्थेची पाहुणी माझ्याबरोबर आली होती. मुली तयार, गाव तयार. पण देवराईतल्या झाडाला कॅमेरा काय, काहीही बांधायचं तर आधी देवाला विचारावं लागतं, हे मी धरलंच नव्हतं. का नव्हतं? जन्म इथेच गेला ना माझा?

गुरवाने कौल लावला, देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक कळी चिकटवली. डावी कळी पडली, म्हणजे नाही. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावीच.

"देव नाय म्हनतो, ताई. आता शिमग्याला इचारू."

पाहुणीला सोडायला वीर स्टेशनला गेलो, तिथपर्यंत मी चिडलेलीच. गाडीची वाट बघताना तिने सहज विचारलं, तुमचा देव नेहमी नाहीच म्हणतो का?

म्हटलं, लाकूडवाल्यांना तर दर वेळी.

बोलले आणि समोरच्या डोंगरांकडे बघितलं. देवराई सोडली तर आजूबाजूचे सगळे डोंगर बोडके झालेत.

खोकं आता कपाटावर ठेवलंय, शिमग्यापर्यंत. आम्ही कॅमेरे घेऊन गेलो ते जंगल त्या 'नाही'मुळेच तर उरलंय.