वरातीच्या मागची जागा

माय, तू गेल्यानंतर बँड मी चालवते. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "तुले दुसरं काई काम नाई भेटलं काय व?" खरंच नाही भेटलं. भेटलं असतं तरी मी हेच केलं असतं. वडशाच्या त्याच खोलीत राहते, भिंतीवर तीच पितळी वाद्यं. उन्हाळ्याची लग्नसराई सोडली तर बाकीचे महिने मी आणि ती. चिंचेने घासून लख्ख करते. घासून झाल्यावर बोलायला कोणी नसतं, म्हणून पुन्हा घासायला घेते. हसू नकोस.

बाबा बँडचे मास्तर होते. ते गेले तेव्हा सगळ्यांनी तुला ट्रम्पेट विकायला सांगितला. तू हो-हो म्हणालीस आणि विकला नाहीस. मला अजून दिसतं: चूल विझलेली आहे, मी भाताची पेज पीत बसले आहे, आणि तू ट्रम्पेटच्या तोंडात जुनं लुगडं कोंबून फुंकते आहेस, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांचा सराव ऐकून ऐकून चाली तुला सगळ्या पाठ होत्या, दम तेवढा नव्हता. चेहरा लालबुंद होतो आणि आतून म्हशीसारखा आवाज निघतो. मी हसते, तूही हसतेस, पण ओठ काही काढत नाहीस. त्या पावसाळ्यात तू शिकलीस. पुढच्या लग्नसराईला लुगड्यावर बाबांचा लाल कोट चढवून तू बँडपुढे उभी राहिलीस, तेव्हा ढोलवाल्या काकांनी इतकंच विचारलं, "वहिनी, पहिलं कोणतं गानं घ्याचं?" मला ते काका तेव्हापासून आवडतात.

मग राजुऱ्याकडचं ते लग्न. मास्तर बँडच्या पुढे, बँडकडे तोंड करून उलटा चालतो, तशी तू चालत होतीस. उन्हाने पितळ असं तापलेलं की ओठ भाजत होते. मी तुझ्यासमोर खुळखुळे वाजवत होते. तेवढ्यात नवरदेवाची आत्या पुढे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गोड बोलली. "बाई, राग नका मानू. तुमाले नवरा नाई. आमच्या पोराच्या समोर तुमी नका चालू. मागं या ना." आपल्या वडशात हिवाळ्यात नाटकं लागली की स्टेजवर बाई आल्याबरोबर लोक शिट्ट्या मारतात, तिला पाहायला बैलगाड्या जुंपून येतात. आणि वरातीसमोर नवरा नसलेली बाई चालली तर यांच्या पोराचं वाटोळं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू मात्र ट्रम्पेट काखेत धरलास आणि नवरदेवाला, बायकांना, पोरासोरांना ओलांडून पार मागे गेलीस.

बँड पुढे, मास्तर मागे, मध्ये अख्खी वरात. पहिलं गाणं सगळ्यांनी मिळून मारून टाकलं. ढोल एकीकडे, क्लॅरोनेट दुसरीकडे. मी सारखी मागे वळून तुला शोधत होते. मग सगळ्यांच्या डोक्यांवरून तुझा ट्रम्पेट आला. एकट्याने गाण्याची पहिली ओळ वाजवली आणि थांबला. काकांनी मान खाली घालून ऐकलं, ढोल धरला, आणि बँड लागला. तेव्हापासून गाणं संपवायचं असलं की तू मागून एकच सूर लांब ओढायचीस. लग्न आटोपल्यावर तू मला झापलंस, "मागं काऊन पाहून राह्यली होती? मी दिसली तंच वाजवशीन काय? कान कायले देले तुले?" मी रडले. पुन्हा कधी वळून पाहिलं नाही.

गंमत म्हणजे लोकांना ते आवडलं. नवरदेवाला दोन्ही बाजूंनी गाणं ऐकू येतं, हा थाट कोणाकडे होता? गडचिरोलीपर्यंत मागून वाजवणारा बँड म्हणून आपल्याला बोलावणी यायला लागली. तू मागे का, हे कोणाला आठवत नव्हतं. तुला आठवत असेल. वरातीतल्या बायका तुझ्या पुढे घोळक्याने चालायच्या, त्यांच्यातली एकही कधी मागे वळून तुझ्याशी बोलली नाही.

तू गेलीस आणि मी तुझा ट्रम्पेट घेऊन मागे जाऊन उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. बँडला तशीच सवय, लोकांना तसंच हवं, असं मी स्वतःला सांगितलं. माझं लग्न काही झालं नाही. पाहायला आले होते दोघं-तिघं, पण बँडवाली म्हटल्यावर चहा पिऊन गेले.

यंदा उन्हाळ्यात बँड ठरवायला नवरी स्वतः आली. गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "ताई, तुमाले नवरा नाई म्हनून तुमी मागं चालता ना? माह्या आईलेबी नाई. ते माह्या बाजूले बसनार हाय मांडवात. तुमी समोर चाला." मी हो म्हटलं. मला नवरा कधी नव्हताच, हे मी तिला सांगितलं नाही. तिचा चेहरा इतका आनंदी होता.

तर मी समोर चालले, माय. उलटी, बँडकडे तोंड करून, जिथून तुला हटवलं तिथे. वाटलं होतं बँड कोलमडेल. मुळीच नाही. मी बोट वर केलं आणि सगळे लागले, जसे काही वर्षानुवर्षं असेच वाजवत होते. म्हाताऱ्या काकांनी माझ्याकडे पाहून डोळे पुसले. नवरीची आई टाळ्या वाजवत होती. तुझा सूड उगवला असं वाटायला हवं होतं मला. पण इतकी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

हे पत्र तुला पाठवायचं कुठे? म्हणून कोणाला न सांगितलेलं तेवढं इथेच लिहून ठेवते. त्यानंतर परवा वडशातच एक लग्न होतं. तिथल्या लोकांनीही आग्रह केला, "ताई, समोर या, समोर या." मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतो, आणि मागे गेले. उन्हाचा त्रास मला कधी झालेला नाही. बायका आपल्या गप्पांत पुढे चालल्या होत्या, माझ्या मागे रिकामा रस्ता होता, आणि तू माझ्या बाजूने चालत होतीस.