माती कोणाच्या घराची

१४ ऑक्टोबर १९५९, बुधवार

अन् दादा म्हणते का मी पळून आलो! पळून नाई आलो. साऱ्या गावादेखत, दसऱ्याचं सोनं वाटून आलो. चिंधूच्या हातून एक काम पुरं होत नाई, हे ऐकू ऐकू माहे कान किटले. कोंबड्यांचं खुराडं अर्धं, न्हाणीची भिंत अर्धी, शाळा चौथीतून अर्धी. बरं बावा, अर्धी. पण सख्ख्या लहान बहिणीले, नलूले, त्या बिजवराच्या गळ्यात बांधाचं हे तुले पुऱ्या शाळेनं शिकवलं का, देवाजी पाटील? म्हणे पैसा असन तं जवान नवरदेव पाहू, नसन तं भेटला तो बरा. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत. ठीक आहे. पैसा येईन.

नलू, वही तुहीच आहे. शेवटच्या पानावर तुहे पाढे आहेत, ते मी खोडत नाई. रोज लिहीन म्हणून तुले शब्द देल्ला, म्हणून लिहून राहिलो.

भिलाई पाहून जीव खुश झाला. स्टेशनाबाहेर पाय टाकला तं मद्रासी, पंजाबी, बंगाली, अन् एक गोरापान रशियन केळीवाल्याशी बोटं दाखवून भाव करून राहिला होता. कॅम्प-१ मध्ये आपल्या भंडाऱ्याकडची इतकी माणसं आहेत का 'अबे पोट्ट्या' म्हटलं तं दहा माना वळतेत. तिथंच एका झोपडीत पथारी भेटली. अन् काम तं पहिल्याच दिवशी! शामसुंदर सेठ म्हणून नागपूरचे ठेकेदार आहेत, कारखान्याले गिट्टी पुरवतेत. पावर हाउसच्या मागं त्यायनं नवं घर बांधलं. अजून कोणी राहत नाई, चूल पेटली नाई. बायको-लेकरं दिवाळी झाली का येणार. त्याच्या आत घरातली एक खोली ऑफिस म्हणून सजवून पाहिजे. रंगारी आहेस का, विचारलं. मी म्हटलं, नागपुरात दोन बंगले केले. डबाच धरला होता, पण डबा धरणारा बी बंगल्यातच उभा राहते ना.

खोली पुरी झाली का साठ रुपये. अर्धी सोडली तं फुटकी कवडी नाई. ऐकलं का दादा?

१६ ऑक्टोबर

सेठ सकाळी आले. दोघं मिळून खोलीचा बेत केला. सेठनं कोण्या साहेबाचं ऑफिस पाहिलं, तेव्हापासून त्यायच्या डोक्यात तेच घुमून राहिलं. कमरेपर्यंत हिरवा, वरून मलई रंग, दोहोच्या मधात बोटभर कत्थी पट्टी. सेठच्या बायकोचं, कमलिनीबाईचं, पत्र आलं का गुलाबी द्या. सेठ म्हणे गुलाबी खोलीत बसून पैसे मागितले तं कोण देईन? टेबल खिडकीकडे पाठ करून, म्हणजे येणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड पडन अन् त्याचं तोंड आपल्याले वाचता येईन. मले वाटलं का मागून उजेड आला तं सेठचं टक्कल चमकन, पण साठ रुपयांकडे पाहून मान डोलावली.

हिरवा मात्र पोपटी नको, हे मीच सांगतलं. कडुनिंबाच्या जुन्या पानासारखा पाहिजे, डोळ्याले थंड. सेठ म्हणे पोट्ट्या, तुले कळते. मी कोळशानं भिंतीवर लिहून टाकलं: इथं टेबल, इथं काचेचं कपाट, इथं नकाशा, इथं लक्ष्मीचा फोटो. सारं डोळ्यासमोर दिसाले लागलं.

पाणी आणाले अंजनाबाई आहे. जामुलकडच्या गावची, पन्नाशीची रेजा, विटा वाहते. माहं तोंड पाहून पहिल्याच दिवशी तिनं घरून आणलेल्या अंगाकर रोटीतली अर्धी तोडून देल्ली, वर टमाट्याची चटणी. जाडजूड, निखाऱ्यावर भाजलेली. आज म्हणे बाबू, जिथं चूल नाई त्या खोलीचा एवढा नट्टापट्टा? अन् पदर तोंडाले लावून हसली.

२० ऑक्टोबर

चुना नाई. पावर हाउस बाजारातले सारे दुकानदार सांगतेत का जो येते तो क्वार्टरांच्या कामाले जाते, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर तं सेठ मले पाहतीन!

अंजनाबाई म्हणे आमच्याकडे चुना कोण घेते, छुही लावतेत. छुही म्हणजे पांढरी माती, पाण्यात कालवून फडक्यानं भिंत पोतारतेत. अरे, आपली माय बी तं पांढऱ्या मातीनंच पोतारते. तिनं तिच्या गावच्या खदानीचा रस्ता सांगतला. सेठची सायकल घेतली, जामुलच्या पुढं गेलो. पण तिच्या गावाच्या अलीकडेच पडीत वावरात एक खदान दिसली. एक बाजू ढासळलेली, अन् त्या ढासळलेल्या बाजूची माती अशी पांढरी का दुधाची साय. कोणी नव्हतं. दूर जाऊन कावून पाय मोडा? दोन पोते भरले. मातीत एका टोपलीचा काठ दिसत होता. कामी येईन म्हणून ओढली. निघाली नाई. आतून कोणी धरल्यासारखी घट्ट होती.

२२ ऑक्टोबर

पहिला हात झाला. छुहीत सरस टाकला, कुंच्यानं वरून खाली सरळ मारला. खोली अशी उजळली का मीच दारात उभा राहून पाहत होतो. मंग जेवाले गेलो.

परत आलो तं भिंतीवर माहे सरळ पट्टे नव्हते. अर्धगोल होते, एकावर एक, डावीकडून उजवीकडे, जसा मायचा हात फिरते तसे. ओले. मले वाटलं अंजनाबाईनं गंमत केली. ती तं समोरच्या बांधकामावर होती, सारी दुपार विटा वाहत. माती वाळताना असं होत असन.

खोटं कावून सांगू, चांगलं वाटलं. मायची आठवण आली.

२४ ऑक्टोबर

काल पिवळी पेवडी कालवून मलई रंग देल्ला. मस्त बसला होता. आज दुपारी पाहतो तं पांढरा. तेच अर्धगोल. कोळशानं लिहिलेलं कपाट गेलं, नकाशा गेला, लक्ष्मी गेली. 'इथं टेबल' तेवढं राहिलं, अन् त्याच्या खाली जमिनीवर मातीचं गोल कडं, वीतभर उंच. मी नाई केलं.

सेठ येऊन गेले. म्हणे मलई कुठं आहे, तूच चाटली का? दिवाळीच्या दिवशी खोली तयार नसली तं सायकलीच्या हवेचे पैसे बी कापीन.

२५ ऑक्टोबर

अंजनाबाईले आत बोलावलं. तिनं भिंत पाहिली अन् हात लावला नाई. म्हणे बाबू, हे अर्धगोल कुठंवर आहेत पाह्य. पाहिलं. जमिनीपासून माह्या खांद्यापर्यंत. त्याच्या वर माहे सरळ पट्टे, जसेच्या तसे. ठेंगण्या बाईचा हात पोचते तितकंच.

कोणती खदान, विचारलं. मी सांगतलं. ती खालीच बसली.

तीन वर्षांआधी दिवाळीच्या तोंडावर त्या खदानीत बिसाहिन नावाची बाई छुही काढाले गेली. घराची एक भिंत पोतारून झाली होती, बाकीच्यासाठी माती कमी पडली. वरचा थर ढासळला. तिले काढलंच नाई कोणी, अजून पडन म्हणून. मंग गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं, तिचं घर बी. तेव्हापासून तिथली माती कोणी उचलत नाई. अन् तसंही, खदानीतून पहिलं ढेकूळ उचलताना कोणाच्या घराची ते मोठ्यानं सांगा लागते. नाई सांगतलं तं माती ज्याची आहे त्याच्याच घराची होते.

मी काई सांगतलं नव्हतं. मले कोणी शिकवलं?

२६ ऑक्टोबर

भिंत खरवडून काढाले बसलो. खरपीनं थर निघते, त्याच्या मागं ओला थर निघते. विटा लागतच नाईत. खोली लहान झाली का? सेठचं टेबल आलं, चार हमालांनी आणलं. दारातून आत जाईना. सेठ म्हणे मापानंच बनवलं होतं.

पथारी उचलून कामच सोडाचं ठरवलं. कॅम्पातल्या झोपडीत गेलो तं माह्या उशाकडच्या कुडावर, ताजे, ओले—

म्हणजे ती खोलीत नाई. माह्या मागं आहे.

नलू, मी गावाले येऊन नाई राहिलो. समजून घे.

२७ ऑक्टोबर

आज दुपारी ऐकलं. मी दारात बसलो होतो, भर ऊन. आत ओल्या फडक्याचा आवाज, सप, सप, सप. मंग थांबला. बाईचा आवाज, दाटलेला, जसा तोंडात घास धरून बोलते. काकर घर?

कोणाचं घर.

मी पळत अंजनाबाईकडे गेलो. ती म्हणे तिले घर पाहिजे. सांगून दे मोठ्यानं, ती तिथं जाईन, तू सुटशीन. शामसुंदर सेठचं सांगतो म्हटलं. ते चालत नाई, चूल पेटली नाई ते घर नाई. जिथल्या चुलीवरचं तू खाल्लं तेच घर तुले देता येते. हॉटेलाची भट्टी? ते विकलेलं आहे, म्हणे.

मंग मी विचार केला. माह्या जन्मात फुकट खाल्लेल्या चुली दोनच. एक मायची.

अंजनाबाईच्या तोंडाचा रंग उतरला. तिले बी तेव्हाच समजलं. तिनं माह्यापुढं हात जोडले. म्हणे बाबू, माहे दोन नातू आहेत, मी तुले भुकेला पाहून रोटी देल्ली होती.

पाण्याची घागर तिथंच टाकून गेली.

२८ ऑक्टोबर

दार अरुंद झालं. आडवा होऊन आत जातो. 'इथं टेबल'खालचं ते मातीचं कडं आता पुरी चूल आहे. तीन उंचवटे. राख नाई. जेवणात माती लागते, थुंकतो तं पांढरं.

काकर घर? काकर घर?

दादाचं नाव जिभेवर आलं होतं. खरं लिहितो. त्याचंच घर आहे ते, कागदावर. देवाजी पाटलाचं, मु. पो. सारं. जाऊ दे तिले तिथं, पोतारू दे त्याच्या भिंती, त्याचं दार. अर्ध्यावर येऊन थांबलो. त्या चुलीपुढं सकाळी कोण बसते? दादा बसते का? नलू बसते.

जीभ चावली. रक्त बी पांढरट.

२९ ऑक्टोबर

उजवा हात कोपरापर्यंत माती. धुतो, वाळते, तडकते, खाली अजून ओलं.

दुपारी आत गेलो. स्वतःहून गेलो. मधात उभा राहिलो अन् मोठ्यानं सांगतलं. हे घर चिंधूचं. चूल तू घातलीच आहे, पेटव; मी इथंच आहे, बाई. तुही भिंत पुरी कर. पण सेठनं सांगतलं तसा रंग दे, मले साठ रुपये पाहिजे.

फडकं थांबलं.

मंग हसल्यासारखं.

३० ऑक्टोबर

झालं— खाली हिरवा. कडुनिंबाचा, जुन्या पानाचा. वर मलई. कत्थी पट्टी दोरी मारल्यासारखी. माह्या हातून जन्मात इतकी सरळ नसती आली. टेबल आत गेलं. नेमकं चुलीवर बसलं. सेठ फिरून फिरून पाहत होते, म्हणे पोट्ट्या, साहेबाले बोलावतो. साठ रुपये मोजून हातात देल्ले. बाहेरून, खिडकीतूनच देल्ले; मीच म्हटलं दार ओलं आहे. ते नागपूरले गेले, लेकरं आणाले. म्हणे वाळेपर्यंत बसून राहा.

मी म्हटलं बसतो.

दार नाई. दाराच्या जागी मलई रंग आहे.

३१ ऑक्टोबर, दिवाळी

खिडकी आहे. एका हाताइतकी—

कॅम्पात फटाके. पाय गुडघ्यापर्यंत. दुखत नाई. थंड.

टेबलाखाली चूल पेटली. ती बसली आहे, पाठमोरी. रोटी थापून राहिली. मले म्हणे बैस, जेवून घे—

नाई बसलो.

अंजनाबाई आली! दूर उभी, रस्त्यावर, पण आली. मी ओरडून सांगतलं, पोस्टात जा, कोणीही मनीऑर्डर लिहून देते. नोटा फडक्यात बांधल्या. फेकतो. पत्ता लिहून देतो. वही नाई देत. वही कोणीही नलूले देऊ नका, पानं ओली झाली, पेन्सिल घसरते, अर्धगोल येऊन राहिले कागदावर—

तुह्या पाढ्याचं पान कोरडं आहे, नलू. तेवढंच. ते फाडतो. त्याच्यावर लिहितो, आधी इथं लिहून पाहतो, हात चालते का—

कुमारी नलू. तिच्याच हातात. दादाच्या नाई. दादाले सांगजा, चिंधूनं काम पुरं केलं, म्हणून पैसे बी अर्धे नाई. पुरे साठ रुप—